घाटकोपरकरांनो, मुलांच्या रात्री त्यांना परत द्या

गणपती पोहोचवून झाले, नवरात्राच्या मांडवांचे बांबू येऊन पडू लागले आणि आपल्या घाटकोपरच्या कॉलेजांमध्ये पहिल्या सत्राची परीक्षा काही आठवड्यांवर आली आहे. हे आवाहन या थोड्या आठवड्यांसाठी आहे, म्हणून ते घाईने लिहितो आहे. ते पालकांना आहे, प्राचार्यांना आहे, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री उशिरा सूचना टाकणाऱ्या शिक्षकांना आहे, सोसायट्यांच्या कमिट्यांना आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना आहे. विद्यार्थ्यांकडे यात मागणं फार थोडं आहे. त्यांच्या डोक्यावर आधीच पुष्कळ आहे, आणि त्यातलं बरंचसं आपण मोठ्यांनी ठेवलेलं आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यात सर्वाधिक महाराष्ट्रातले होते, १,७६४. आदल्या वर्षीही पहिला क्रमांक आपलाच होता. आत्महत्येमागे एकच एक कारण कधी नसतं. घरची ओढाताण, आजार, पैसा, प्रेम, अपमान, अभ्यास हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. म्हणून ‘मोबाइलने मुलं बिघडवली’ एवढं बोलून मोकळं होणं मला पटत नाही. पण रोज सरासरी चार-पाच विद्यार्थी ज्या राज्यात आपण होऊन जगातून जातात, तिथल्या मोठ्या माणसांनी शांत बसणंही मला पटत नाही.

‘फोन बाजूला ठेव आणि अभ्यास कर.’ हे वाक्य या दिवसांत असल्फ्यापासून गारोडिया नगरपर्यंत प्रत्येक घरात ऐकू येतं. बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण त्या फोनमध्ये काय काय आहे, ते एकदा मुलांच्या शेजारी बसून बघा. हॉल तिकीट त्यातच येतं. परीक्षेचं वेळापत्रक, बदललेलं वेळापत्रक आणि पुन्हा बदललेलं वेळापत्रक त्यातच. प्राध्यापकांच्या नोट्स पीडीएफमध्ये, असाइनमेंट गूगल क्लासरूमवर, हजेरीची डिफॉल्टर लिस्ट ग्रुपवर. फी भरायची लिंक, तिचा ओटीपी, नव्या शैक्षणिक धोरणातला एबीसी आयडी, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज आणि तो कुठल्या टेबलावर अडकला आहे याची माहिती, सगळं त्या एका पडद्यावर. संध्याकाळी जी मुलं घरपोच सामान पोहोचवण्याचं किंवा शिकवण्या घेण्याचं काम करून फी उभी करतात, त्यांची रोजीरोटीही तिथेच. आणि त्याच पडद्यावर, बोटभर अंतरावर रील्स, गेम, मित्रांचे टोमणे, कोणाच्या तरी परदेशी प्रवेशाचा फोटो. काम आणि करमणूक, सूचना आणि अपमान यांचं दार एकच झालं आहे. अशा वेळी फोन बंद ठेवणारा मुलगा उद्याच्या व्हायवाला मुकतो आणि चालू ठेवणारा झोपेला मुकतो. निवड त्याच्या हातात आहे असं आपण कोणत्या तोंडाने म्हणायचं?

यात घाटकोपरची घरंही लक्षात घ्या. भटवाडीत, कामराज नगरात, रमाबाई आंबेडकर नगरात दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहतात. जुन्या पुनर्वसन इमारतींमधल्या घरांचं क्षेत्रफळ २२५ चौरस फूट, त्यानंतरच्या घरांचं २६९. आता कुठे ते ३०० झालं आहे. तिथे संध्याकाळी टीव्ही चालू असतो, धाकट्यांचा गृहपाठ चालू असतो, कामावरून आलेला माणूस दोन घास खाऊन आडवा होणार असतो. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला अभ्यासाला शांतता मिळते ती अकरा वाजता, बाकीचे झोपल्यावर, कानात इअरफोन घालून आणि फोनचा पडदा मंद करून. डिग्री कॉलेजचे तास सकाळी सातच्या सुमारास सुरू होतात. म्हणजे जी रात्र अभ्यासाची तीच झोपेची, आणि नेमकी त्याच रात्री ग्रुपवर ‘महत्त्वाची सूचना’ येते. अठरा ते पंचविशीच्या वयात सात ते नऊ तासांची झोप लागते, असं झोपेचे अभ्यासक सांगतात. दिवसभर वाचलेलं मेंदू झोपेतच नीट लावून ठेवतो. पहाटे दोनपर्यंत जागून पाच तासांत उठलेल्या मुलीला पेपरमध्ये काही आठवलं नाही, तर ती स्वतःला मठ्ठ समजते. ती मठ्ठ नसते. तिला झोपायला मिळालेलं नसतं.

तंत्रज्ञानाने विद्यार्थ्यांवर ताण येतो म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रील्स बघणारा पोरगा येतो. माझ्या डोळ्यांपुढे २०१७ चं वर्ष येतं. त्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने सगळ्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायचा निर्णय पुरेशी तयारी न करता घेतला. ४७७ परीक्षा होत्या आणि सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका. कायद्याप्रमाणे निकाल जास्तीत जास्त ४५ दिवसांत लागायला हवा होता. जून सरला, जुलै सरला. कुलपती या नात्याने राज्यपाल विद्यासागर राव यांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही हुकली. काही उत्तरपत्रिका तर सापडतच नव्हत्या. पदव्युत्तर प्रवेश, परदेशातल्या विद्यापीठांच्या तारखा, नोकरीचे देकार, सगळं त्या एका निकालावर टांगून राहिलं होतं. मुलं मध्यरात्री उठून संकेतस्थळ उघडून बघत होती. अखेर २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आलं. कुलगुरू गेले, बातमी संपली. पण त्या तीन-चार महिन्यांत मुलांची जी झोप गेली, ज्यांचं एक वर्ष गेलं, त्याचा हिशेब कोणी मांडला नाही.

तीन वर्षांनी महासाथीत अंतिम वर्षाच्या परीक्षा ऑनलाइन झाल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये विद्यापीठाच्या दूरस्थ शिक्षण संस्थेच्या, म्हणजे आयडॉलच्या परीक्षेत यंत्रणाच कोलमडली आणि पेपर पुढे ढकलावे लागले. नोकरी करून शिकणारी माणसं दिवसभर लॉगिनच्या पानाकडे बघत बसली होती. हे जुनं उगाळतो आहे ते कोणाला दोष देण्यासाठी नाही. यंत्रणा अडखळली की तिची किंमत पडद्याच्या अलीकडे एकट्या बसलेल्या मुलाला मोजावी लागते. त्याला वाटतं, माझंच काहीतरी चुकलं, मीच बटण चुकीचं दाबलं. चौकशीला खिडकी नसते, खिडकीमागे माणूस नसतो. ‘आरआर’ म्हणजे निकाल राखीव एवढी दोन अक्षरं पडद्यावर उमटतात, आणि ती का उमटली हे सांगायला कोणीच नसतं.

मग करमणुकीच्या पडद्याचा दोष नाहीच का? आहे, आणि तो गंभीर आहे. अभ्यासातून लक्ष एकदा उडालं की पुन्हा लागायला वीस-वीस मिनिटं जाऊ शकतात, असं युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात म्हटलं आहे. दर दहा मिनिटांनी फोन वाजत असेल, तर तीन तास पुस्तकापुढे बसूनही अभ्यास होतो किती, हे मुलांना स्वतःलाच कळत असतं आणि त्याची त्यांना लाज वाटत असते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी आणली, ते चांगलंच झालं. पण आधी झालेलं कर्ज बंदीने फिटत नाही. झटपट कर्ज देणारी ॲप्स, फोनमधले सगळे नंबर उचलून नातेवाइकांना धमक्या देणारे वसुलीवाले, ‘तुझं बँक खातं आठवडाभर वापरायला दे, पाच हजार देतो’ म्हणून गळाला लावणारे, व्हिडिओ कॉलवर फसवून पैसे उकळणारे, हे सगळे विशीतल्या पोरांनाच हेरतात. मुलं घरी सांगत नाहीत, कारण घरून पहिला प्रश्न ‘तू मुळात केलंस कशाला?’ हाच येणार हे त्यांना ठाऊक असतं. पालकहो, तो प्रश्न नंतर विचारा. आधी मुलाला बरोबर घेऊन १९३० हा सायबर गुन्ह्यांचा सरकारी क्रमांक लावा. पैसे गेले असतील तर पहिल्या काही तासांत केलेल्या तक्रारीने ते वाटेत गोठवता येतात.

आणखी एक नवी गोष्ट मला फार अस्वस्थ करते. रात्री दोन वाजता मन मोकळं करायला माणूस नाही, म्हणून मुलं चॅटबॉटशी बोलतात. तो रागावत नाही, घरी सांगत नाही, लगेच उत्तर देतो. या मुलांना मी नावं ठेवणार नाही. पण कोणी खरोखरच टोकाला पोहोचलं असेल तर तो चॅटबॉट उठून दार ठोठावणार नाही, रिक्षा बोलावून इस्पितळात नेणार नाही. तिथे माणूसच लागतो, आणि तो उपलब्ध करून देणं ही आपली जबाबदारी आहे.

आता मागण्या. पहिली मागणी मंडळांकडे आणि सोसायट्यांकडे आहे, कारण ती सर्वांत लवकर पुरी होण्यासारखी आहे.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथे रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा, मग चालू. टाळेबंदीतल्या ऑनलाइन शाळेने मुलांच्या हाती दिलेला फोन सुटेना, म्हणून सरपंच विजय मोहिते यांनी ग्रामसभेपुढे ही कल्पना मांडली आणि गावाने ती उचलली. मला त्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की फोन एकट्या मुलाचा बंद होत नाही. आईची मालिका थांबते, वडिलांचं व्हॉट्सॲप थांबतं, गाव थांबतं. सगळेच थांबले की कोणाचं काही चुकत नाही.

घाटकोपरमध्ये भोंगा चालणार नाही, हे उघड आहे. इथे कोणी रात्रपाळीला निघालेलं असतं, कोणी नुकतं कल्याण लोकलमधून उतरलेलं असतं. पण प्रत्येक गल्लीत मंडळाची खोली आहे, प्रत्येक सोसायटीत कार्यालय आहे, समाजमंदिरं आहेत, आणि वर्षातला बराच काळ त्यांना कुलूप असतं. या परीक्षांपुरती, पुढचे दोन महिने, ती संध्याकाळी सात ते रात्री अकरा उघडी ठेवा. वीस खुर्च्या, चार टेबलं, चांगला उजेड, दोन पंखे, पिण्याचं पाणी. दारात एक पेटी, तिच्यात फोन ठेवायचे. दाराशी बसणाऱ्या कार्यकर्त्याचा एक नंबर सगळ्या घरांना द्या; काही तातडीचं असलं तर घरचे त्या नंबरवर लावतील आणि मुलाला निरोप मिळेल. एवढं केल्यावर मुलाला फोन जवळ बाळगायचं कारण उरत नाही. आठवड्यातले दोन दिवस तरी दाराशी एखाद्या ताई बसू देत आणि उशिरा घरी जाणाऱ्या मुलींना पोहोचवायची सोय असू द्या. नाहीतर ही अभ्यासिका मुलांचीच होऊन बसेल आणि मुली पुन्हा स्वयंपाकघराच्या ओट्याशी, अकरा वाजण्याची वाट बघत. नवरात्रातही परीक्षार्थींच्या इमारतींकडे तोंड करून लावलेले स्पीकर वळवा आणि वेळेत बंद करा. ज्या मंडळांनी गणपतीत लाखोंचा देखावा उभा केला, त्यांना हा खर्च जड नाही.

दुसरी मागणी कॉलेजांकडे. घाटकोपर आणि शेजारच्या विद्याविहारमध्ये मिळून हजारो विद्यार्थी रोज येतात. सकाळी स्टेशनच्या पुलावर आणि मेट्रोच्या जिन्यावर ही गर्दी आपण बघतोच. त्यातली कित्येक अंबरनाथ-बदलापूरहून पहाटे पाचच्या सुमारास निघालेली असतात. प्राचार्य महोदय, एक परिपत्रक काढा: रात्री आठनंतर कोणत्याही अधिकृत ग्रुपवर सूचना टाकायची नाही, आणि टाकली गेलीच तर तिच्यामुळे दुसऱ्या दिवशी कोणाची हजेरी किंवा गुण जाणार नाहीत. असाइनमेंटची मुदत रात्री ११ वाजून ५९ मिनिटांची ठेवायची पद्धत बंद करा, ती संध्याकाळी सहाची करा. रात्री बाराची मुदत दिली की अर्ध्या वर्गाची ती रात्र जाते. सर्व्हर अडकला तर सगळ्यांची जाते. प्रत्येक महत्त्वाची सूचना फाटकाजवळच्या काचेच्या फलकावर कागदावर लावा, म्हणजे ज्याचा फोन बिघडला, रिचार्ज संपला किंवा ज्याने मुद्दाम बंद ठेवला, त्याचं नुकसान होणार नाही. आणि विद्यापीठाला सगळ्या कॉलेजांनी मिळून कळवा की निकाल संध्याकाळी उशिरा किंवा सुट्टीच्या तोंडावर लावू नका. सकाळी लावा, कामाच्या दिवशी लावा. नापासाची ओळ वाचणाऱ्या मुलाला त्या क्षणी उठून वर्गशिक्षकांकडे जाता आलं पाहिजे. ‘केटी लागली म्हणजे आयुष्य संपलं नाही, फोटोकॉपी मागव, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज कर, पुढच्या सत्रात पेपर दे’ एवढं चार वाक्यांत सांगणारं माणूस तिथे हजर असलं तर ती रात्र निभावून जाते.

हे माणूस ठेवणं आता कॉलेजच्या मर्जीवर राहिलेलं नाही. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने देशातल्या सगळ्या शिक्षणसंस्थांसाठी पंधरा निर्देश दिले. कायदा होईपर्यंत ते बंधनकारक आहेत. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायला हवं. मदतीचे क्रमांक वर्गांत, आवारात, वसतिगृहांत आणि संकेतस्थळावर ठळक लावायला हवेत. शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायला हवं. शिकवणी वर्गही यातून सुटलेले नाहीत, आणि घाटकोपरला त्यांची वाण नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये न्यायालयाने उच्च शिक्षणातल्या विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदलही नेमलं. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला वर्षात दोनदा या विषयाकडे वळावं लागलं, यावरून प्रश्न किती पेटला आहे ते समजा.

पालकहो, आता थोडं घरातलं. मूल अचानक गप्प झालं, आंघोळ-जेवण टाळू लागलं, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागलं, हॉल तिकीट किंवा निकाल लपवू लागलं, ‘माझ्यामुळे तुम्हाला त्रास’ असं बोलू लागलं, तर ‘वयच तसं आहे’ म्हणून सोडून देऊ नका. जवळ बसा आणि सरळ विचारा: तुला जीव नकोसा झाला आहे का? असं विचारल्याने मनात नसलेला विचार घुसतो ही समजूत खोटी आहे. उलट कोणीतरी विचारलं म्हणून मूल बोलायला लागतं. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका. टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीतही मिळते. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल सेवा ९१५२९८७८२१ वर आहे. धोका समोर दिसत असेल तर ११२ लावा. मानसोपचार विभाग शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आहे, घाटकोपरहून धीम्या लोकलने तिसरं स्टेशन. केस होईल, पोलीस येतील या भीतीने इस्पितळ टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच मानायचं ठरवलं आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्याला शिक्षा देणारं जुनं कलम ३०९ राहिलेलंच नाही.

निकालाच्या दिवशी नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘किती पडले?’ विचारणाऱ्या काका-मामांना आत्ताच हात जोडून सांगून ठेवा. कोणी ऐकलं नाही तर त्या दिवसापुरतं त्या ग्रुपमधून मुलाला बाहेर काढा. रागावले तर रागावू देत.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडे एकच मागणं. वर्गात नेहमी शेजारी बसणारं कोणी चार दिवस दिसलं नाही, मेसेजला नुसतं ‘हम्म’ येऊ लागलं, तर त्याच्या घरी जा. मेसेज करू नका, जा.

आणि ज्यांना या सोमवारपासूनच काही करायचं आहे त्यांच्यासाठी काम तयार आहे. पाच पालक किंवा पाच विद्यार्थी मिळून आपल्या कॉलेजच्या कार्यालयात जा आणि साध्या कागदावर प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या. त्यात चारच गोष्टी विचारा: आपल्या कॉलेजचे समुपदेशक कोण, ते कोणत्या खोलीत आणि किती ते किती बसतात, १४४१६ चा फलक कुठे कुठे लावला आहे, आणि रात्री आठनंतरच्या सूचनांबद्दल कॉलेजचं धोरण काय. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर तीच पोच जोडून विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. तिथेही दाद लागली नाही तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे नेमलेल्या लोकपालांकडे. समुपदेशक नेमलेले असतील तर त्यांचं नाव, खोली आणि वेळ मोठ्या अक्षरांत लिहून ती चिठ्ठी वर्गाच्या दारावर, मंडळाच्या अभ्यासिकेत आणि आपल्या इमारतीच्या लिफ्टमध्ये लावा.